चाइल्ड की चुकीची येते तेव्हा: बिप ३२ डिबग करण्याची पद्धत

वॉलेटचा कोड चालतो, एरर येत नाही, पत्ताही तयार होतो. फक्त तो पत्ता तुमच्या सीडचा (ज्यांवरून सगळ्या किल्ल्या निघतात त्या मूळ बाइटांचा) नसतो. चाइल्ड की डेरिव्हेशनमधली, म्हणजे पालक कीवरून मुलाची की काढण्यातली, जवळजवळ प्रत्येक चूक अशीच गुपचूप बसते, कारण शून्य आणि कर्व्हच्या ऑर्डरएवढे (ऑर्डर म्हणजे कर्व्हची ठरलेली बिंदूसंख्या) वा त्याहून मोठे आकडे सोडले तर कुठलेही ३२ बाइट ही वैध प्रायव्हेट की असते. तुम्ही हॅशमध्ये काहीही घाला, बाहेर ६४ बाइट येणारच. म्हणून शेवटच्या पत्त्याकडे बघून कोडमध्ये इकडेतिकडे बदल करत बसण्यात अर्थ नाही. मधले आकडे ओळीने छापायचे, प्रसिद्ध टेस्ट व्हेक्टरशी (उत्तरे आधीच माहीत असलेल्या नमुन्यांशी) लावून बघायचे आणि पहिला फरक जिथे पडतो तिथेच थांबायचे. त्याच्या पुढचे सगळे चुकलेलेच असणार, ते वाचूही नका.

हा लेख बिप ३२ म्हणजे पीटर वुइले यांनी २०१२ साली मांडलेल्या, एका सीडवरून सगळ्या किल्ल्या काढण्याच्या पद्धतीबद्दल आहे, आणि सेकपी२५६के१ या कर्व्हबद्दल. बिटकॉइन आणि इथेरियम दोन्ही हीच वापरतात. सोलानासारख्या ईडी२५५१९ वापरणाऱ्या चेनचे नियम वेगळे आहेत (स्लिप १०, तिथे सगळ्या पातळ्या हार्डन्डच, म्हणजे पालकाच्या प्रायव्हेट कीशिवाय न निघणाऱ्या, असतात). तिथला कोड या व्हेक्टरवर तपासलात तर कधीच जुळणार नाही.

सुरू करण्याआधी

खऱ्या सीडवर डिबग करू नका. लॉग फाइल, टर्मिनलची हिस्टरी, एडिटरची बॅकअप फाइल, स्क्रीनशॉट अशा कितीतरी ठिकाणी ती उरते. टेस्ट व्हेक्टरच्या सीड जगजाहीर आहेत, त्याच वापरा आणि त्यांच्या पत्त्यांवर खरे पैसे कधीही पाठवू नका. त्यांवर बॉट डोळा ठेवून असतात.

हाताशी तीन गोष्टी हव्यात: बिप ३२च्या मूळ दस्तऐवजातले पाचही टेस्ट व्हेक्टर, तुमच्यापेक्षा वेगळ्या भाषेत लिहिलेली एक विश्वासू लायब्ररी, आणि बाइट छापणारे एक छोटे फंक्शन. हे फंक्शन लांबीही छापेल असे करा. निम्म्या चुका नुसत्या लांबीवरून सापडतात.

खाली सगळे बाइट दशमान अंकांत दिले आहेत. तुमचा लॉग हेक्समध्ये असेल तर तेवढे बदलून घ्या.

काय घडायला हवे

सीडवरून मास्टर, म्हणजे सगळ्यात वरची की, काढताना एचमॅक-शा५१२ (की आणि डेटा दोन्ही घेणारा हॅश) चालवायचे. त्याची की म्हणजे 'बिटकॉइन सीड' हा इंग्रजीतला १२ अक्षरांचा मजकूर (पहिले बी मोठ्या लिपीतले, बाकी सगळी अक्षरे लहान, मध्ये एक स्पेस), आणि डेटा म्हणजे सीड. आलेल्या ६४ बाइटांपैकी डावा अर्धा ही मास्टर प्रायव्हेट की, उजवा अर्धा हा चेन कोड.

पुढे प्रत्येक मुलासाठी पुन्हा एचमॅक-शा५१२. आता एचमॅकची की म्हणजे पालकाचा चेन कोड. डेटा दोन प्रकारचा. इंडेक्स २१४७४८३६४८ (२ चा ३१ वा घात) किंवा त्याहून मोठा असेल तर मूल हार्डन्ड: एक शून्य बाइट, मग पालकाची ३२ बाइटांची प्रायव्हेट की, मग इंडेक्सचे चार बाइट. इंडेक्स त्याहून लहान असेल तर मूल साधे: पालकाची कॉम्प्रेस्ड पब्लिक की ३३ बाइट, मग इंडेक्सचे चार बाइट. दोन्हीकडे बेरीज ३७ होते. निकालाचा डावा अर्धा पालकाच्या प्रायव्हेट कीमध्ये मिळवायचा आणि कर्व्हच्या ऑर्डरने, म्हणजे एनने, मोड्यूलो घ्यायचा. झाली मुलाची की. उजवा अर्धा हा मुलाचा चेन कोड, त्याला हात लावायचा नाही.

पायरी १: मास्टर जुळवा

पहिल्या व्हेक्टरची सीड सोपी आहे: ०, १, २ असे करत १५ पर्यंतचे सोळा बाइट. मास्टर प्रायव्हेट कीचे पहिले चार बाइट २३२, २४३, ४६, ११४ आणि शेवटचे चार २००, ६७, १०७, ५३ यायला हवेत. चेन कोड १३५, ६१, २५५, १२९ ने सुरू होतो आणि २३७, ५५, २१३, ८ वर संपतो.

इथेच फरक पडला तर कारणे मोजकीच असतात. सीड हेक्स स्ट्रिंग म्हणूनच एचमॅकला दिली गेली असेल. तेव्हा लांबी १६ ऐवजी ३२ दिसते, कारण हेक्समधले प्रत्येक अक्षर एक बाइट धरले गेले. किंवा एचमॅकचे दोन आर्ग्युमेंट उलटे गेले. कुठल्या लायब्ररीत आधी की असते, कुठल्यात आधी मेसेज, आणि दोन्ही बाइटच असल्याने कंपायलर चकार शब्द काढत नाही. तिसरे कारण म्हणजे शा५१२ ऐवजी शा२५६, पण ते लांबीवरून लगेच कळते.

मास्टर जुळला आणि चेन कोड चुकला असे सहसा होत नाही. झालेच तर अर्धे करताना स्लाइसची हद्द चुकली आहे.

पायरी २: पहिले हार्डन्ड मूल

आता एम/०' (एम म्हणजे मास्टर, ' ही हार्डन्डची खूण). एचमॅकला जाणारा डेटा छापा. लांबी ३७, पहिला बाइट ०, मग २३२, २४३, ४६, ११४ वगैरे पालकाची की, आणि शेवटी १२८, ०, ०, ०. निकालाचा डावा अर्धा ४, १९१, १७८, २२१ ने सुरू व्हायला हवा. उजवा अर्धा, म्हणजे मुलाचा चेन कोड, ७१, २५३, १७२, १८९ ने. मुलाची प्रायव्हेट की २३७, १७८, २२५, ७९ ने.

डेटाच्या शेवटी ०, ०, ०, १२८ दिसले तर इंडेक्स लिटल-एंडियन, म्हणजे बाइट उलट्या क्रमाने, लिहिला जातोय. ही चूक लबाड आहे. साध्या ० इंडेक्ससाठी दोन्ही पद्धतींत चारही बाइट शून्य, त्यामुळे दुसऱ्या व्हेक्टरचा पहिला टप्पा (एम/०) ती असूनही बरोबर येतो.

डेटाची लांबी ३६ आली तर पुढचा शून्यांचा भाग वाचा. ६९ आली तर अनकॉम्प्रेस्ड पब्लिक की, ४ ने सुरू होणारी ६५ बाइटांची, आत गेली आहे. इथे तर पब्लिक कीचा संबंधच नव्हता, म्हणजे हार्डन्ड आणि साध्याची फांदीच उलटी पडली.

पायरी ३: बेरीज, आणि एन

या पायरीवर जरा रेंगाळू, कारण पायरी २ हिरवी झाली की लोक निर्धास्त होतात. तिथे पालकाच्या २३२ मध्ये ४ मिळवले, बेरीज एनच्या आतच राहिली. मोड्यूलो मुळीच न घेणारा कोडही ती पायरी पास करतो.

खरी परीक्षा एम/०'/१ ला होते. पालकाची की २३७, १७८, २२५, ७९ ने सुरू होते. डावा अर्धा यायला हवा ७८, १८५, २१५, १२९. कागदावर उजवीकडून मिळवून बघा: ७९ आणि १२९ चे २०८. २२५ आणि २१५ चे ४४०, म्हणजे १८४ आणि हातचा एक. १७८, १८५ आणि हातचा मिळून ३६४, म्हणजे १०८ आणि पुन्हा हातचा. २३७, ७८ आणि हातचा मिळून ३१६, म्हणजे ६०, आणि एक हातचा ३२ बाइटांच्या बाहेर पडला. मुलाची की ६०, १०८, १८४, २०८ ने सुरू होते. बाहेर पडलेल्या त्या हातच्याचे कोड काय करतो त्यावर सगळे ठरते.

बरोबर कोड एन वजा करतो. चुकीचा कोड हातचा नुसता टाकून देतो, म्हणजे २५६ बिटांवर गुंडाळतो. किंवा एनऐवजी फील्डचा प्राइम पी वजा करतो, कारण कर्व्हच्या व्याख्येत दोन्ही मोठे आकडे शेजारी असतात आणि कॉपी करताना भलताच उचलला जातो. गंमत अशी की एन, पी आणि २ चा २५६ वा घात या तिन्हींचे वरचे अर्धे जवळपास सारखे आहेत. त्यामुळे तिन्ही उत्तरांचे पहिले पंधरा बाइट एकच येतात. पहिले चार बाइट बघून 'जुळले' म्हणणारा इथे हमखास फसतो.

शेवटचे चार बाइट बघा. १५७, २०१, ५१, १०४ आले तर बरोबर. १०९, २५५, ११६, १६९ आले तर हातचा गळाला, मोड्यूलो घेतलाच नाही. १०९, २५५, १२०, १२२ आले तर एनच्या जागी पी आहे.

ही चूक राहिली तर साधारण निम्मी मुले बरोबर येतात आणि निम्मी चुकतात. 'कधी चालते, कधी नाही' अशी तक्रार आली की आधी इथेच बघावे.

शक्यतो ही बेरीज स्वतः लिहूच नका. लिबसेकपी२५६के१ मध्ये प्रायव्हेट कीमध्ये ट्वीक (इथे डावा अर्धा) मिळवणारे तयार फंक्शन आहे. ते एन सांभाळते आणि निकाल शून्य आला तर किंवा डावा अर्धा एनएवढा वा मोठा असेल तर नापास सांगते. त्याचा परत आलेला कोड मात्र तपासा. आणखी एक खाच: ते फंक्शन दिलेल्या बफरवरच निकाल लिहिते. पालकाची की थेट त्याला दिलीत तर पहिले मूल बरोबर येते, पण पालकाच्या जागी आता मूल बसलेले असते. मग दुसरे भावंड चुकते. एम/०'/१ बरोबर आणि त्याच ऑब्जेक्टवरून काढलेले एम/०'/२ चूक असे दिसले तर पालकाची प्रत करून मग ट्वीक लावा. गो भाषेत स्लाइसला अपेंड करतानाही जुना अॅरे असाच ओव्हरराइट होऊ शकतो.

बिप ३२ म्हणते की अवैध मूल आले तर पुढचा इंडेक्स घ्या. याची शक्यता २ च्या १२७ व्या घातात एकापेक्षाही कमी, त्यामुळे टेस्टमध्ये ते कधी घडणार नाही. तरी ती फांदी लिहा आणि नकली एचमॅक देऊन एकदा चालवून बघा.

पायरी ४: हरवणारी शून्ये

प्रायव्हेट की हा मोठा पूर्णांक. पूर्णांकाच्या डाव्या शून्यांना किंमत नसते, बाइटांच्या डाव्या शून्यांना असते. पूर्णांकाचे बाइट करताना लायब्ररीने पुढचे शून्य गाळले की ३२ चे ३१ होतात, डेटा ३६ बाइटांचा होतो आणि हॅश पूर्ण वेगळा येतो. पहिला बाइट शून्य असण्याची शक्यता २५६ त एक. बिप ४४ च्या पाथमध्ये (मास्टरपासून मुलापर्यंतच्या इंडेक्सच्या ठरलेल्या रस्त्यात) तीन हार्डन्ड पायऱ्या असतात, म्हणून साधारण दर ८५ सीडमागे एका सीडचे सगळेच पत्ते चुकतात. तुमच्या स्वतःच्या चार-पाच चाचण्यांत हे सापडणार नाही, हजारभर वापरकर्ते आले की सापडेल.

प्रत्येक भाषेची खोड वेगळी. गोमध्ये बिग इंटचे बाइट्स हे फंक्शन शून्ये गाळते, फिलबाइट्स वापरा. जावातल्या बिगइंटीजरचे टूबाइटअॅरे तर दोन्हीकडून त्रास देते: कधी चिन्हासाठी जादा शून्य लावून ३३ बाइट देते, कधी ३१. पायथनमध्ये टू_बाइट्स ला ३२ ही लांबी द्यावीच लागते, तिथे ही भानगड कमी. जावास्क्रिप्टमध्ये बिगइंटचे हेक्स केले की आघाडीचे शून्य जाते, हेक्सची लांबी विषम होते आणि नोडचा बफर शेवटचे अर्धवट अक्षर मुकाट्याने सोडून देतो. ३२ बाइटांपर्यंत पॅडिंग तुम्हीच करायचे, म्हणजे हेक्स ६४ अक्षरांचे.

पहिला व्हेक्टर हे सगळे पकडत नाही. त्यातली पाचवी की (एम/०'/१/२'/२) १५ या बाइटने सुरू होते, म्हणून विषम हेक्सची चूक तिथे उघडी पडते. पण पूर्ण शून्य बाइटाने सुरू होणारी की त्यात एकही नाही. त्यासाठीच तिसरा आणि चौथा व्हेक्टर नंतर घालण्यात आले. तिसरा घातला गेला तो बिटकोर लायब्ररीत अशी चूक सापडल्यावर. तिथे चुकीची जुनी पद्धत काढून टाकता आली नाही, कारण तिच्यावर लोकांचे पैसे होते. ती 'नियमबाह्य' अशा अर्थाच्या नावाने ठेवली आणि शेजारी नवी दिली. तुमचे वॉलेट लोकांच्या हातात गेले असेल आणि ही चूक सापडली, तर तुम्हालाही दोन्ही पद्धती सांभाळाव्या लागतील. नुसती दुरुस्ती करून नवी आवृत्ती सोडलीत तर त्या लोकांना वॉलेट रिकामे दिसेल.

पायरी ५: पाथ वाचणारा कोड

गणित बरोबर, पण पाथ एम/४४'/०'/०'/०/० असा मजकूर म्हणून दिला की चुकते. अशा वेळी पाथ फोडून आलेली इंडेक्सची यादी छापा. २१४७४८३६९२, २१४७४८३६४८, २१४७४८३६४८, ०, ० अशी यायला हवी.

४४, ०, ०, ०, ० आली तर हार्डन्डची खूण गळाली. जावास्क्रिप्टचे पार्सइंट ४४' मधले ४४ घेते आणि पुढचे चिन्ह तक्रार न करता सोडते. हीच गोष्ट वळणदार अवतरणचिन्हाने होते. कुणी पाथ वर्ड फाइलमधून किंवा चॅटमधून चिकटवला की साध्या ' च्या जागी ’ येते आणि तुमचा कोड त्याला ओळखत नाही. उपाय एकच: पाथचा प्रत्येक तुकडा पूर्ण जुळला पाहिजे, अनोळखी काही दिसले तर एरर द्या, अंदाज करू नका. टर्मिनलमध्ये ' हे शेलचे स्वतःचे चिन्ह आहे, म्हणून कमांड लाइनवर त्याऐवजी इंग्रजी एच लिहिण्याची पद्धत आहे. पार्सरला दोन्ही कळू द्या.

दुसरी जागा म्हणजे धन-ऋण चिन्ह असलेले (साइन्ड) पूर्णांक. जावास्क्रिप्टमध्ये बिटवाइज ऑर करून हार्डन्ड बिट लावला की उत्तर ऋण येते. शून्य जागांचे अनसाइन्ड राइट शिफ्ट लावा किंवा सरळ बेरीज करा. जावात याहून वाईट. तिथे हेक्समध्ये लिहिलेला २ चा ३१ वा घात हा इंट म्हणून सगळ्यात लहान ऋण आकडा ठरतो. मग 'इंडेक्स त्याहून मोठा किंवा समान' ही तुलना प्रत्येक इंडेक्सला खरी येते आणि सगळीच मुले हार्डन्ड होतात. इंडेक्स ऋण आहे का एवढेच विचारा, किंवा लाँग वापरा.

पायरी ६: पब्लिक बाजू

साध्या मुलाची पब्लिक की पालकाच्या पब्लिक कीवरूनही काढता येते: डाव्या अर्ध्याला जनरेटर पॉइंटने गुणा आणि पालकाच्या पब्लिक पॉइंटमध्ये मिळवा. यामुळे एक फुकटची तपासणी मिळते. प्रायव्हेट बाजूने मूल काढून त्याची पब्लिक की करा, आणि पब्लिक बाजूने थेट काढा. दोन्ही ३३ बाइट तंतोतंत सारखे हवेत. यादृच्छिक सीड आणि इंडेक्स घेऊन ही चाचणी काही हजार वेळा चालवा, त्यात शून्यांच्याही बऱ्याच चुका सापडतात. एक मात्र लक्षात घ्या: इंडेक्सचा एंडियन उलटा असेल तर दोन्ही बाजू सारख्याच चुकतात आणि ही चाचणी पास होते. ती टेस्ट व्हेक्टरची जागा घेत नाही.

चेन कोड जुळतात आणि पब्लिक की नाही, असे झाले तर बेरीज चुकली. चेन कोडच वेगळे आले तर एचमॅकला गेलेला डेटा वेगळा होता. पहिल्या व्हेक्टरची मास्टर पब्लिक की ३, ५७, १६३, ९६ ने सुरू होते आणि एम/०' ची ३, ९०, १२०, ७० ने. पहिला बाइट २ किंवा ३ हा वाय सम की विषम यावरून ठरतो. तो कायम २ येत असेल तर वाय बघितलाच जात नाही.

हार्डन्ड मूल पब्लिक कीवरून काढायला सांगितले तर कोडने नकार द्यायलाच हवा. काहीतरी उत्तर देणारा कोड इथे सगळ्यात घातक.

पायरी ७: एक्सटेंडेड कीची मांडणी

कच्च्या किल्ल्या जुळतात पण एक्सपब किंवा एक्सपीआरव्हीचा (किल्ली आणि चेन कोड एकत्र असलेल्या पब्लिक किंवा प्रायव्हेट एक्सटेंडेड कीचा) मजकूर जुळत नाही, तर बेस५८ उलगडून ७८ बाइट तपासा: व्हर्जन ४, डेप्थ १, पालकाचा फिंगरप्रिंट ४, इंडेक्स ४, चेन कोड ३२, किल्ली ३३. त्यामागे दुहेरी शा२५६ चे पहिले चार बाइट चेकसम म्हणून. प्रायव्हेट कीच्या ३२ बाइटांआधी एक शून्य बाइट लागतो, तो राहिला की लांबी ७७ होते.

फिंगरप्रिंटमध्ये दोन गफलती नेहमीच्या. तो पालकाचा हवा, मुलाचा नव्हे. आणि तो कॉम्प्रेस्ड पब्लिक कीवर आधी शा२५६, मग रिपएमडी१६० लावून येतो, चेन कोडचा त्यात संबंध नाही. पहिल्या व्हेक्टरच्या मास्टरचा ५२, ६६, २५, ६२. हे चार बाइट एम/०' च्या मजकुरात दिसले पाहिजेत. खुद्द मास्टरमध्ये डेप्थ, फिंगरप्रिंट आणि इंडेक्स तिन्ही शून्य.

झेडपब किंवा वायपब दिसले म्हणून घाबरू नका. किल्ली तीच, फक्त व्हर्जनचे चार बाइट वेगळे.

पाचवा व्हेक्टर मुद्दाम बिघडवलेल्या एक्सटेंडेड कीचा आहे: शून्य डेप्थवर फिंगरप्रिंट असलेला, प्रायव्हेट की शून्य किंवा एनएवढी असलेला, चुकीच्या चेकसमचा. तुमच्या कोडने त्यातले प्रत्येक नाकारले पाहिजे.

पायरी ८: सगळे जुळते, तरी पत्ता दुसरा

आता चूक बिप ३२च्या आधी किंवा नंतर आहे.

आधी म्हणजे शब्दांवरून सीड करताना. बिप ३९ मध्ये पीबीकेडीएफ२ (मजकुरावरून की बनवणारे फंक्शन), एचमॅक-शा५१२, २०४८ फेऱ्या, आणि सॉल्ट म्हणजे 'निमॉनिक' हा इंग्रजी शब्द व त्याला जोडलेला पासफ्रेज. 'अबॅन्डन' अकरा वेळा आणि शेवटी 'अबाउट' या प्रसिद्ध बारा शब्दांची सीड, पासफ्रेज रिकामा असेल तर, ९४, १७६, ११, १८९ ने सुरू होते. तुमच्याकडे १९७, ८२, ८७, १९५ ची यादी असेल तर ते व्हेक्टर मोठ्या लिपीतला 'ट्रेझर' हा पासफ्रेज धरून केलेले आहेत. यावर नव्या लोकांचा अख्खा दिवस जातो. इलेक्ट्रमच्या स्वतःच्या शब्दांना बिप ३९ लागू नाही. तिथे सॉल्टच वेगळा.

पासफ्रेज देवनागरीत असेल तर एनएफकेडी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपे एकसारखी करणे) विसरून चालत नाही. आपला 'ऱ' युनिकोडमध्ये एकच अक्षर आहे, यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १७७. एनएफकेडी लावले की त्याचे र आणि नुक्ता असे दोन तुकडे होतात: २२४, १६४, १७६, २२४, १६४, १८८. 'दुसऱ्या' असा पासफ्रेज ठेवणाऱ्याची सीड, नॉर्मलायझेशन करणाऱ्या आणि न करणाऱ्या वॉलेटमध्ये वेगळी येणार. काही कीबोर्ड हेच अक्षर साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर असे टाइप करतात. तो फरक एनएफकेडीनेही मिटत नाही. पहिल्या दोन रूपांची सीड एक येते ना, अशी टेस्ट लिहून ठेवा, आणि तिसऱ्यासाठी वापरकर्त्याला इशारा द्या.

नंतर म्हणजे पत्ता बनवताना. इथेरियममध्ये अनकॉम्प्रेस्ड पब्लिक कीचा पहिला ४ काढून उरलेल्या ६४ बाइटांवर केकॅक-२५६ लावायचा आणि शेवटचे २० बाइट घ्यायचे. प्रमाणित शा३-२५६ चे पॅडिंग वेगळे आहे, तो चालत नाही. वरच्याच बारा शब्दांवर, रिकाम्या पासफ्रेजने, एम/४४'/६०'/०'/०/० चा पत्ता १५२, ८८ या बाइटांनी सुरू होतो.

पहिले खाते दिसते आणि दुसरे दिसत नाही, अशी तक्रार असेल तर बहुतेक कोडचा दोषच नाही. मेटामास्क शेवटचा आकडा वाढवतो, लेजरचे वॉलेट अॅप अकाउंटचा आकडा वाढवते. पहिल्या खात्याला दोघांचा पाथ एकच. बिटकॉइनमध्ये ४४, ४९, ८४ आणि ८६ या पर्पजपैकी (पाथच्या पहिल्या आकड्यांपैकी) कुठला वापरला ते विचारा. आणि वीस रिकामे पत्ते ओलांडून पुढे पैसे असतील तर गॅप लिमिटपाशी शोध थांबलेला असतो.

लॉग काढून टाका

डिबगसाठी घातलेल्या ओळी सोडताना एक हिशेब डोक्यात असू द्या: साध्या मुलाची प्रायव्हेट की आणि पालकाचा एक्सपब एवढ्यावर पालकाची प्रायव्हेट की निघते. एक्सपबवरून डावा अर्धा कुणालाही काढता येतो, तो मुलाच्या कीमधून वजा केला की झाले. म्हणजे 'एकाच पत्त्याची की लॉगमध्ये होती' याचा अर्थ त्या पालकाखालची सगळी साधी मुले गेली, असा घ्यायचा. छापणारे फंक्शन फक्त टेस्ट बिल्डमध्ये कंपाइल होईल अशी सोय करा, आणि पाचही व्हेक्टर दर कमिटला आपोआप चालू द्या.